तेल्या, क्षय आणि एस-१२

मृग बहार धरलेल्या डाळिंबाच्या बागेत पावसाची झड लागली की सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याकडचा बागाईतदार फळांपेक्षा पानेच जास्त न्याहाळतो. पानावर पाणथळ, तेलकट ठिपका दिसला की तेल्या आला. मग तो ठिपका फळावर उतरतो, काळा पडतो, साल तडकते आणि व्यापारी बागेच्या तोंडावरूनच परत जातो. झँथोमोनास नावाच्या जिवाणूचा हा रोग. २००५ साली डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरात केगावला आले, त्यानंतर त्याच्या कामाचा मोठा वाटा या एका रोगाने खाल्ला. शेतकऱ्याच्या हाताशी जी औषधे होती त्यांत एक छोटी पुडी ठरलेली होती: स्ट्रेप्टोसायक्लिन. कॉपर ऑक्सिक्लोराइडबरोबर लिटरला अर्धा ग्रॅम अशा बेताने ती पंपात पडायची. या पुडीत ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि १० टक्के टेट्रासायक्लिन असते.

स्ट्रेप्टोमायसिन हे नाव सोलापूरच्या जुन्या पिढीला शेतातून नव्हे, दवाखान्यातून माहीत आहे. क्षयाची सुई ती हीच. गिरण्यांच्या चाळींत, विडी वळणाऱ्यांच्या एका खोलीच्या घरांत क्षय वस्तीलाच असे, आणि या औषधाच्या आधी उपचार म्हणजे विश्रांती, दूध-अंडी, मोकळी हवा. ज्यांना परवडे ते मिरजेजवळच्या वॉनलेसवाडीच्या क्षयरोग आरोग्यधामात रुग्ण ठेवत. १९४३ साली अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने मातीतल्या एका जिवाणूपासून हे औषध वेगळे केले. (नोबेल मिळाले ते १९५२ साली आणि एकट्या वाक्समनना. शॅट्झना श्रेय आणि पैशाचा वाटा मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागली होती.) ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध दिलेल्या ५५ क्षयरोग्यांपैकी ४ जण सहा महिन्यांत दगावले, न दिलेल्या ५२ पैकी १४. आपल्याकडे पिंपरीला १९५४ साली उभी राहिलेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पुढच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन बनवू लागली, आणि शेतीसाठीची स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडीही तिचीच.

डाळिंबाचा जिवाणू आणि क्षयाचा जिवाणू एकमेकांचे फार दूरचे. एकाला पानाचा ओलावा लागतो, दुसऱ्याला माणसाचे फुप्फुस. तरी एकच औषध दोघांना लागू पडते, कारण ते घाव घालते तो भाग दोघांत जवळजवळ सारखा आहे. तो भाग म्हणजे रायबोझोम, म्हणजे पेशीतला प्रथिने विणणारा माग. सोलापुरी चादरीच्या जॅकार्ड मागावर नक्षी ठरते ती छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून: माग छिद्र वाचतो आणि त्याप्रमाणे धागा उचलतो. रायबोझोमही आरएनएच्या पट्टीवरची तीन-तीन अक्षरे वाचतो आणि प्रत्येक त्रिकुटाला ठरलेले अमिनो आम्ल जोडत जातो. त्याचे दोन भाग असतात. धाकटा भाग वाचतो, थोरला जोडतो. वाचण्याच्या नेमक्या ठिकाणी, आरएनएच्या वळणाला चिकटून, एक लहानसे प्रथिन बसलेले असते. त्याचे नाव एस-१२. एस म्हणजे धाकट्या भागातले, १२ हा अनुक्रमांक. अक्षर बरोबर जुळले का याची पारख करण्यात त्याचा हात असतो.

स्ट्रेप्टोमायसिन याच्याच शेजारी घुसते, एस-१२ला टेकून. मग पारख ढिली होते, चुकीची अमिनो आम्ले जोडली जातात, वेडीवाकडी प्रथिने साचतात आणि जिवाणू मरतो. ते नेमके कुठे बसते याचे चित्र २००० साली वेंकटरामन रामकृष्णन यांच्या केंब्रिजमधल्या गटाने क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले. रामकृष्णन यांचे बालपण आणि भौतिकशास्त्राची पदवी बडोद्याची, सयाजीराव गायकवाडांच्या नावाच्या विद्यापीठातली. २००९ सालच्या नोबेलच्या तीन मानकऱ्यांपैकी ते एक.

आता जिवाणू काय करतो पाहा. एस-१२ मध्ये सव्वाशेच्या आसपास अमिनो आम्ले आहेत. क्षयाच्या जिवाणूत त्यांपैकी ४३ व्या जागी लायसिन असते. त्या जागी आर्जिनिन आले की औषध नीट बसत नाही. जनुकात एका अक्षराचा फरक, आणि सुई वाया. या बदलांचे अनेक प्रकार आहेत. काहींमुळे रायबोझोम जास्तच काटेकोर होतो, अचूक पण संथ, आणि असा जिवाणू शर्यतीत मागे पडतो. काही तर इतके विचित्र की जिवाणू स्ट्रेप्टोमायसिनशिवाय वाढूच शकत नाही, ज्याने मरायचे त्याच्यावरच जगतो. पण ४३ व्या जागेचा लायसिन-आर्जिनिन बदल असा आहे की त्याची किंमत जवळजवळ काहीच मोजावी लागत नाही. वेग तोच, अचूकपणा तोच, वर औषधाला दाद नाही. म्हणून रुग्णांत सापडणाऱ्या प्रतिरोधी जिवाणूंमध्ये हाच बदल सर्वांत जास्त दिसतो. ब्रिटनच्या त्या पहिल्याच चाचणीत प्रतिरोध दिसला होता. क्षयाला एकटे औषध द्यायचे नाही हा नियम तिथूनच आला.

तेल्यावरच्या फवारणीबद्दल इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. फवारलेले डाळिंब खाल्ल्याने कुणाला क्षयावरचे औषध लागू पडेनासे होते, असे नाही. झँथोमोनासच्या एस-१२ मधला बदल उडी मारून क्षयाच्या जिवाणूत जात नाही. क्षयाचा जिवाणू इतरांकडून जनुके घेणाऱ्यांतला नाहीच. काळजीचे कारण वेगळे आहे. स्ट्रेप्टोमायसिन निकामी करणारी काही जनुके फिरती असतात, मातीतले आणि आतड्यातले अनेक जिवाणू ती एकमेकांना देतात, आणि बागेत वर्षानुवर्षे फवारणी म्हणजे त्या देवघेवीला मोकळे रान. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने शेतीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करून २०२४ पासून पूर्ण थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. मला तो योग्य वाटला. मात्र तेल्याने बाग उपटायची वेळ आलेल्या माणसाला हे पटवायचे तर बहार बदलणे, छाटणी, रोगट फांद्या जाळणे याचा खर्चही कुणीतरी हिशेबात धरायला हवा.

हे झाले जिवाणूंचे. पण एस-१२ आपल्यातही आहे.

आपल्या पेशीत दोन प्रकारचे रायबोझोम असतात. बाहेरच्या द्रवातले मोठे, आपल्या स्वतःच्या घडणीचे, ज्यांना स्ट्रेप्टोमायसिन फारसे काही करत नाही. दुसरे मायटोकॉन्ड्रियाच्या आत. शाळेच्या पुस्तकात यांना तंतुकणिका म्हटले आहे आणि ऊर्जाकेंद्र म्हणून त्यांची ओळख सर्वांना पाठ आहे. त्या कधीकाळी स्वतंत्र जिवाणू होत्या, हे आता जीवशास्त्रात वादातीत आहे. दीड अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी एक जिवाणू दुसऱ्या पेशीत शिरला आणि तिथलाच झाला. येताना तो आपला रायबोझोमही घेऊन आला. आजही माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात १६,५६९ अक्षरांचा स्वतःचा डीएनए आहे आणि त्यात ३७ जनुके: १३ प्रथिनांची, २२ अमिनो आम्ले वाहून आणणाऱ्या आरएनएंची आणि २ रायबोझोमच्या आरएनएंची. ती १३ प्रथिने श्वसनसाखळीचे गाभ्याचे भाग आहेत. ती विणली गेली नाहीत तर प्राणवायू असूनही पेशीला त्याचा पुरेसा उपयोग करता येत नाही, साखर अर्धवट जळते आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साठते.

म्हणजे फक्त १३ प्रथिने विणण्यासाठी एक वेगळा रायबोझोम. आणि त्याच्या बांधणीत ८० हून अधिक प्रथिने, जिवाणूच्या रायबोझोममध्ये असतात त्यांच्या दीडपट! आरएनए मात्र आखडलेला. या सगळ्या प्रथिनांची जनुके आता मायटोकॉन्ड्रियात राहिलेली नाहीत. ती केंद्रकातल्या गुणसूत्रांवर गेली. आपल्या एस-१२ चे जनुक १९ व्या गुणसूत्रावर आहे. प्रथिन बाहेर तयार होते, पत्ता लावून मायटोकॉन्ड्रियात आत ओढले जाते आणि तिथे आपल्या जुन्या जागी, वाचनाच्या ठिकाणी जाऊन बसते. बहुतेक फुलझाडांत मात्र हे जनुक अजून मायटोकॉन्ड्रियातच आहे, आणि हिरव्या पानातल्या हरितलवकांचा एस-१२ तिसराच. स्ट्रेप्टोमायसिनचा मारा जास्त झाला की झाडांची पाने पिवळी पडतात ती या हरितलवकांतल्या रायबोझोममुळे.

या प्रथिनात बिघाड झाला तर काय होते, हे प्रथम कळले ते फळमाशीवरून. १९७० च्या दशकात फळमाशीचा एक वाण माहीत झाला होता. नळी टेबलावर जोरात आपटली की या माश्यांना झटके येत, त्या लुळ्या पडत आणि थोड्या वेळाने उठून चालू लागत. मुष्टियुद्धातल्या भाषेत या जनुकाला ‘टेक्निकल नॉकआउट’ असे नाव पडले. फळमाशीवाल्यांना अशी नावे ठेवायची हौस जुनीच. सगळ्यांना वाटे की हा मेंदूतल्या चेतापेशींच्या विद्युत्-मार्गांचा काही दोष असणार. १९८७ साली जनुक वाचले, तर ते जिवाणूच्या एस-१२ शी जुळणारे निघाले. अपस्मारासारखे दुखणे आणि कारण मायटोकॉन्ड्रियातले रायबोझोमचे प्रथिन! फिनलंडमध्ये हॉवर्ड जेकब्स यांच्या गटाने पुढे दाखवले की या माश्यांत ८५ व्या जागचे एकच अमिनो आम्ल बदललेले असते. त्या उशिरा वाढतात, नरांचे प्रणयाराधन कच्चे असते आणि आवाजाला त्यांचा प्रतिसादही बिघडलेला असतो.

आवाजाचा संबंध इथे चुकून आलेला नाही. आतल्या कानातल्या केसपेशी सतत, न थांबता ऊर्जा खातात आणि मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया सुरू असताना काही रुग्णांचा तोल जाई, काहींच्या कानात आवाज येत, काही कायमचे बहिरे होत. हे डॉक्टरांना पहिल्या काही वर्षांतच दिसले. बहुतेकांत हे डोस आणि काळावर अवलंबून असे. पण काही घराणी अशी होती की चार-दोन सुयांतच बहिरेपण, आणि तेही आईच्या बाजूने चालत आलेले. १९९३ साली याचे उत्तर मिळाले: मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत १५५५ व्या अक्षरात ए च्या जागी जी. हे अक्षर आहे धाकट्या भागाच्या आरएनएमध्ये, एस-१२ ज्या वळणाजवळ बसतो तिथेच. या एका बदलाने आपल्या आरएनएचे ते वळण जिवाणूच्या वळणासारखे होते. मग औषधाला आपण आणि जिवाणू यांत फरक करता येत नाही. मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतात, म्हणून दोष आजीकडून आईला, आईकडून सर्व मुलामुलींना. मुलग्याकडून पुढे कुणालाही नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे ५०० मध्ये एकाला हा बदल असतो.

ही आरएनएची गोष्ट झाली. प्रथिनांच्या जनुकांचा वारसा वेगळ्या रीतीने चालतो, आणि तो सोलापूरच्या घराघरांतल्या एका जुन्या चालीला भिडतो.

रायबोझोमच्या ८० हून अधिक प्रथिनांपैकी एकाच्या दोषाने माणसाला आजार होतो हे पहिल्यांदा दाखवले गेले २००४ साली, एस-१६ या प्रथिनात. बेदुइन जमातीतल्या नात्यातल्या जोडप्याचे बाळ होते. मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणारा पूल तयार झाला नव्हता, रक्तात लॅक्टिक आम्ल भरलेले, आणि बाळ तीन दिवसांत गेले. त्यानंतर यादी वाढत गेली. एस-२२. एल-३ (एल म्हणजे थोरल्या भागातले). एल-४४ मध्ये हृदयाचे स्नायू जाड होतात. एस-२ मध्ये बहिरेपण आणि रक्तातली साखर घसरणे. एस-७ मध्ये दोन बहिणींना बहिरेपण, यकृत आणि मूत्रपिंडांचा बिघाड. एस-३४ मध्ये मेंदूच्या गाभ्याचा ऱ्हास, ज्याला ली सिंड्रोम म्हणतात. माग एकच, पण कुठला खिळा निखळला त्यावर कधी हृदय बिघडते, कधी कान, कधी यकृत. याचे समाधानकारक स्पष्टीकरण शास्त्राकडेही पूर्ण नाही.

या आजारांत दोन्ही प्रती, आईकडची आणि वडिलांकडची, सदोष असाव्या लागतात. एक चांगली असली की भागते. म्हणून एकच सदोष प्रत असलेल्या वाहकाला काही कळतही नाही. नवरा-बायको नात्यातले असले की मात्र दोघेही एकाच सदोष प्रतीचे वाहक असण्याची शक्यता वाढते. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ लिहिला तेव्हा महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला पट्टा मानले होते: मामाच्या मुलीशी लग्न चालते, आतेच्या मुलीशी अनेक जातींत चालत नाही. जनुकांना अर्थात हा भेद कळत नाही, दोन्ही नाती सारखीच. सोलापूर तर मराठी, कन्नड आणि तेलुगू यांच्या तिठ्यावरचे गाव. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर तेलुगू घरांत आणि सीमेकडच्या कन्नड घरांत सख्ख्या मामाशी भाचीचे लग्न हेही जुन्या पिढीत नवलाचे नव्हते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने असे नाते निषिद्ध धरले, पण रूढी असल्यास सवलत ठेवली.

हिशेब मांडून पाहू. समजा, एखाद्या प्रथिनाच्या सदोष जनुकाचे वाहक ५०० मध्ये एक आहेत. नात्यात नसलेल्या जोडप्यांच्या मुलांत हा आजार दहा लाखांत एखाद्याला होईल. मामेबहिणीशी लग्न असेल तर एकाच पूर्वजाची प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता १६ त एक, आणि आजाराची शक्यता सुमारे १६ हजारांत एक. मामा-भाचीत सुमारे ८ हजारांत एक. साठ-सव्वाशे पट वाढ, तरी आकडा लहानच. सगळ्या जन्मजात दोषांचा मिळून विचार केला तर कुठल्याही जोडप्याला साधारण २ ते ३ टक्के धोका असतो आणि सख्ख्या मामे-आते भावंडांत आणखी जवळपास तेवढीच भर पडते. मामाच्या मुलीशी लग्न केलेल्या शंभरांतल्या नव्वदांहून अधिक जोडप्यांची मुले धडधाकट असतात. उगाच कुणाला घाबरवण्यात अर्थ नाही. पण घरात एखादे तान्हे कारण न कळता गेले असेल, किंवा दोन भावंडांना बहिरेपण असेल, तर त्याच घरात पुन्हा नाते जोडण्याआधी जनुकतज्ज्ञाला विचारलेच पाहिजे. हैदराबादची सीसीएमबी ही मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था सोलापूरहून गाडीने काही तासांवर आहे.

मध्येच एक उलटी गंमत. २०१३ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी एका सूक्ष्म कृमीत रायबोझोमच्या एस-५ या मायटोकॉन्ड्रियातल्या प्रथिनाचे प्रमाण कमी केले, तर ते कृमी सुमारे ६० टक्के जास्त जगले. प्रथिन थोडे कमी तर पेशी सावध होते, दुरुस्तीची यंत्रणा जागी होते, असा अर्थ काढला गेला. वर्तमानपत्रांनी दीर्घायुष्याचे गुपित सापडल्याचे मथळे दिले. तीन दिवसांत गेलेले ते बाळ आठवले की हे मथळे मला जरा पोरकट वाटतात. कमी आणि नाहीच यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

क्षयाकडे परत येऊ, कारण सोलापूरच्या माणसाला मायटोकॉन्ड्रियाच्या रायबोझोमशी गाठ पडण्याची सर्वांत जास्त शक्यता आजही तिथेच आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठीच्या सुया आता मागे पडल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सहा महिन्यांची, फक्त गोळ्यांची नवी उपचारपद्धती मंजूर केली: बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. यातले लिनेझोलिड रायबोझोमच्या थोरल्या भागावर, जोडणीच्या जागी बसते. जिवाणूच्या, आणि थोडेफार आपल्या मायटोकॉन्ड्रियाच्याही. म्हणून तळव्यांना मुंग्या, जळजळ, हिमोग्लोबिन उतरणे, क्वचित नजर मंद होणे. दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम दिले तेव्हा ९० टक्के बरे झाले, पण ८१ टक्क्यांना मज्जातंतूंचा त्रास झाला. पुढच्या चाचणीत सहा महिने ६०० मिलिग्रॅमवर ९१ टक्के बरे झाले आणि मज्जातंतूंचा त्रास २४ टक्क्यांवर आला. गोळ्या चालू असताना पायाला मुंग्या आल्या तर रुग्णाने म्हातारपण म्हणून सोडून न देता त्याच दिवशी क्षयरोग केंद्रात सांगायचे, ते यासाठी. गोळ्या मनानेच बंद करायच्या नाहीत. डोस किती आणि केव्हा कमी करायचा हे डॉक्टर ठरवतात.

सुया क्षयातून गेल्या, दवाखान्यांतून नाही. जेंटामायसिन आणि अमिकासिन ही स्ट्रेप्टोमायसिनची भावंडे नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात रोज वापरली जातात आणि जंतुसंसर्ग झालेले बाळ त्यांच्यामुळे वाचते. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरून १५५५ चा बदल २६ मिनिटांत सांगणारी तपासणी करून पाहिली. ७५१ बाळांत तीन सापडली आणि त्यांना दुसरे औषध देता आले. ते यंत्र नसले तरी एक प्रश्न कुठल्याही वॉर्डात फुकट विचारता येतो: बाळाच्या आईच्या माहेरी, आजीच्या बाजूला, सुई घेतल्यावर कुणाला ऐकू येईनासे झाले होते का? सोलापुरात क्षयाच्या सुया घेतलेल्यांची पिढी अजून आहे. उत्तर आजीलाच माहीत असते, आणि केसपेपरवर तिचे माहेर लिहायला रकाना नसतो.